स्लॅबचं खरं कोण सांगणार?

डोंबिवलीतला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. इमारत १९८६ ची, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आई दुसऱ्या मजल्यापर्यंत कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबत चढायची. घर विकायचं आणि तिला माझ्याकडे ठाण्याला आणायचं, एवढाच बेत होता. एजंट आला, खोल्या फिरला आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये थांबून वर बघू लागला. तिथे स्लॅबचा गिलावा परातीएवढा सुटला होता. आतल्या दोन सळया उघड्या पडल्या होत्या आणि गंजाने त्यांचे पापुद्रे निघत होते.

"दादा, इथे पीओपी करून घ्या," तो म्हणाला. "फॉल्स सीलिंग टाकायचं, दोन लाइट सोडायचे. घर कसं उजळून निघेल."

आम्ही ते करून घेतलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळे करतात, घर विकायचं तर रंगरंगोटी करावीच लागते, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मग एका रविवारी एक तरुण जोडपं घर बघायला आलं, बरोबर तीन वर्षांची मुलगी. त्या मुलीच्या आईला हॉलच्या छताला लावलेले दोन हुक दिसले. तिथे आमच्या वडिलांचा झोपाळा होता. "हे हुक भक्कम आहेत ना हो काकू? आमच्या सासऱ्यांना झोपाळ्याशिवाय करमत नाही," तिने विचारलं. आई क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तिथे काही टांगू नका गं. स्लॅब फुगलाय वरचा. यांचा झोपाळा आम्ही कधीच उतरवून ठेवला. आणि त्या पीओपीच्या वर काय आहे तेही एकदा बघून घ्या."

ते दोघे पुन्हा आले नाहीत. एजंटने आठवडाभर फोन उचलला नाही. मला आईचा राग आला होता, तो जायला बरेच दिवस लागले. आज मला वाटतं, त्या दिवशी त्या घरात एकटी आईच सरळ वागली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की खरेदीदाराच्या जिवाशी संबंध असलेली माहिती विकणाऱ्याच्या आईच्या स्वभावावर अवलंबून असता कामा नये. जुन्या इमारतीतला फ्लॅट विकला जातो तेव्हा त्या इमारतीच्या शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे अभियंत्याने केलेल्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल विक्रीच्या करारनाम्याला जोडणं कायद्याने सक्तीचं व्हायला हवं. अहवाल नसेल तर करारनाम्याची नोंदणी होता कामा नये.

आपण घर घेताना काय काय तपासतो ते आठवून पाहा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. शेअर सर्टिफिकेटवर नावं नीट चढली आहेत का बघतो. सोसायटीची थकबाकी नाही अशी ना-हरकत आणतो, लाइट बिल आणि मालमत्ता कराची पावती घेतो. मुद्रांक शुल्काचं गणित करताना सरकारही इमारतीचं वय विचारतं, कारण जुन्या बांधकामाला घसारा मिळतो. कागदाची एवढी चिकित्सा करणारे आपण काँक्रीटकडे मात्र दहा मिनिटं मान वर करून बघतो, तेही एजंट दारात उभा असताना. बँकेचा व्हॅल्युअर येतो, तो इमारतीचं उरलेलं आयुष्य अंदाजाने लिहून जातो. पण तो अहवाल बँकेसाठी असतो. पुष्कळदा तो कर्जदाराच्या हाती पडतच नाही.

नव्या घराला निदान रेराचं, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याचं छत्र आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला दोष निघाला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा, असं २०१६ चा कायदा सांगतो. एका मालकाकडून दुसऱ्याला विकल्या जाणाऱ्या जुन्या घराला मात्र १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम तेवढा आहे. त्याचं कलम ५५ तसं स्वच्छ आहे. सर्वसाधारण काळजी घेऊनही खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि न सांगणं ही फसवणूक आहे. पण हे लागू कधी, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा. आता कुठलाही छापील करारनामा उघडा. "खरेदीदाराने सदर सदनिका समक्ष पाहून, तपासून आपले समाधान करून घेतले आहे व ती जशी आहे तशी स्वीकारली आहे," हे वाक्य त्यात सापडेलच. पुढे वाद झाला की विक्रेत्याचा वकील याच वाक्यावर बोट ठेवतो. शिवाय दोष विक्रेत्याला ठाऊक होता हे सिद्ध कोण करणार? पीओपीच्या वर काय होतं याला साक्षीदार नसतो.

स्लॅब कसा खराब होतो हे थोडं सांगायला हवं, कारण "जुनं आहे, थोडं गळतंच" या एका वाक्यावर आपण बरंच काही सोडून देतो. चांगल्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश भरपूर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात लोखंड गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि काँक्रीटचा हा गुण हळूहळू नाहीसा होतो. खाडीच्या रेतीतून आणि खाऱ्या हवेतून मीठ आलं, तर हे काम आणखी लवकर होतं. त्यात वरच्या बाथरूमचं पाणी. संकन स्लॅबमध्ये, म्हणजे नळ बसवायला बाथरूमखाली खोलगट ठेवलेल्या स्लॅबमध्ये, विटांचे तुकडे आणि चुरा भरलेला असतो, तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि खालच्या सळयांना बारा महिने ओल मिळते. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं. फुगलेली सळई आपल्या खालचं काँक्रीट ढकलते. स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईवर काँक्रीटचा थर मोठ्या बोटाच्या जाडीएवढाच असतो, तो आधी फुगतो आणि मग सुटतो. म्हणून भेग सळईच्या रेषेतच जाते: बीमच्या तळाशी आडवी, कॉलमच्या कोपऱ्यावर उभी. बोटाने वाजवून पाहिलं तर पोकळ आवाज येतो. गिलाव्याची केसाएवढी भेग आणि ही भेग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ही भेग झाकायला रंगाचे दोन हात पुरतात.

जाता जाता एक गोष्ट. आपण घरं पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला बघतो आणि दसऱ्याला व्यवहार करतो. चैत्र-वैशाखात भिंती कोरड्या ठणठणीत असतात आणि रंग ताजा असतो. घर आषाढात बघावं, दोन दिवस झड लागलेली असताना.

वय हा इथे भरवशाचा पुरावा नाही. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ माणसं गेली, आणि ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. घाटकोपरच्या सिद्धी साई इमारतीत २५ जुलै २०१७ ला १७ जण गेले. तिथे तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत तोडफोड चालली होती आणि वरच्या मजल्यांवर लोक राहत होते. वरच्यांपैकी कुणी त्याच्या आदल्या महिन्यात घर विकायला काढलं असतं, तर घ्यायला आलेल्या माणसाला तळमजल्यावरच्या कामाबद्दल कुठल्या कागदावरून कळलं असतं? तसा कागदच नाही.

खरं तर अहवाल असतात. तीस वर्षांवरच्या इमारतींनी नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून स्थैर्याचं प्रमाणपत्र द्यावं, असं मुंबई महापालिका अधिनियमाचं कलम ३५३-ब आणि इतर महापालिकांच्या अधिनियमातलं कलम २६५-अ सांगतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. आमच्याकडे २०१७ साली महापालिकेची नोटीस आली आणि ऑडिट झालं. काँक्रीटवर हातोडी आपटून ताकद बघणारी हॅमर टेस्ट झाली, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधणारी अल्ट्रासॉनिक झाली, दोन ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, कापून काढले. अहवाल चाळीस पानांचा आला आणि सेक्रेटरींच्या कपाटात गेला. दुरुस्तीचा अंदाज प्रत्येक घरामागे एक लाख ऐंशी हजार होता. पुढच्या दोन वर्षांत आमच्या सोसायटीत तीन फ्लॅट विकले गेले. तिन्ही नव्या मालकांना ऑडिटबद्दल पहिल्यांदा कळलं ते त्यांच्या पहिल्या वार्षिक सभेत, दुरुस्ती निधीचा विषय निघाला तेव्हा. एक जण उभा राहून एवढंच म्हणाला, "हे आम्हाला आधी कुणीच कसं सांगितलं नाही?" सभेत कुणी उत्तर दिलं नाही.

इथे कायद्यातली खरी फट आहे. सोसायटीचे कागद बघायचा अधिकार सभासदाला आहे. खरेदीदार सभासद होतो तो पैसे भरून, नोंदणी होऊन, शेअर हस्तांतरित झाल्यावर. म्हणजे ज्या दिवशी त्याला अहवालाची गरज असते त्या दिवशी तो परका असतो, आणि त्याला अधिकार मिळतो तेव्हा त्याच्या मानेवर वीस वर्षांचं कर्ज बसलेलं असतं. त्याने सेक्रेटरींना विनंती करून बघितली तरी "सोसायटीची बदनामी होते, सगळ्यांचे भाव पडतात" हे उत्तर ठरलेलं. पालिका पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक, म्हणजे सी-१ इमारतींची यादी जाहीर करते. त्याखालच्या सी-२अ, म्हणजे घरं रिकामी करून मोठी दुरुस्ती मागणाऱ्या, आणि सी-२ब, म्हणजे लोक राहत असताना करता येईल अशी रचनात्मक दुरुस्ती मागणाऱ्या इमारती सामान्य माणसाला सहज शोधता येत नाहीत. आणि घरांचे व्यवहार होतात ते याच मधल्या इमारतींत. सी-१ मध्ये कोण घर घेणार?

इथवर वाचून कुणी म्हणेल, हा खरेदीदाराच्या संरक्षणाचा प्रश्न आहे. आहेच. पण मला याहून मोठी गोष्ट वेगळी वाटते. अहवाल लपतो म्हणून इमारती दुरुस्त होत नाहीत.

एकाच गल्लीत, एकाच वर्षी बांधलेल्या दोन इमारती घ्या. पहिलीने घरामागे दोन लाख काढले, गंजलेल्या सळया साफ करून पॉलिमर मॉर्टर हा दुरुस्तीचा चिवट मसाला भरला, कमकुवत कॉलमना जॅकेटिंग केलं, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचं वेष्टन घातलं, गच्चीचं आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. दुसरीने नुसता बाहेरून रंग दिला. आता एजंटला भाव विचारा. तो दोघांचाही सारखाच सांगेल, कदाचित दुसरीचा थोडा जास्तच, कारण तिचा रंग ताजा आहे. मग दुसरीच्या सभासदाने दोन लाख का द्यावेत? ज्याला दोन-चार वर्षांत विकून जायचं आहे, तो तर हात वर करून विरोध करणार, कारण दुरुस्तीचा पैसा त्याचा आणि फायदा पुढच्याचा. प्रत्येक सोसायटीत असे पाच-सहा जण असतात आणि ठराव हाणून पाडायला तेवढे पुरतात. बाजाराला इमारतीची तब्येत दिसू लागली तर हेच गणित उलटं होईल. दुरुस्ती केलेल्याला भाव मिळेल आणि न करणाऱ्याचा कापला जाईल. मग विकून जाणारा माणूसच सभेत म्हणेल, "आधी दुरुस्ती करून घ्या, मला घर विकायचंय."

हे मी बाहेर उभा राहून लिहीत नाही. २०१७ च्या त्या सभेत माझे वडील दुरुस्तीच्या विरोधात बोलले होते. पेन्शनवर जगणाऱ्याने एक लाख ऐंशी हजार आणायचे कुठून, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. मीही त्यांना "बाबा, मी देतो" असं म्हटलं नाही. घर आहे तोवर निभावेल, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

म्हणूनच सक्तीवर घेतला जाणारा पहिला आक्षेप मला मनापासून समजतो: म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची कमाई एका फ्लॅटमध्ये असते, अहवाल जोडला की तिचा भाव पडणार. हो, पडेल. आमचाही पडला. शेवटी आम्ही अहवालाची प्रत देऊनच फ्लॅट विकला आणि आधीच्या अपेक्षेपेक्षा काही लाख कमी आले. पण ती कमाई आमची नव्हतीच, ती त्या गंजलेल्या सळयांनी आधीच खाल्ली होती. ते न सांगता विकणं म्हणजे आमचा तोटा एका तीन वर्षांच्या मुलीच्या आई-बापांच्या गळ्यात घालणं. वृद्धांची सोय करायची असेल तर दुसरी वाट आहे: दुरुस्तीसाठी सोसायटीला कमी व्याजाचं कर्ज मिळावं आणि पेन्शनरचा हिस्सा घर विकलं जाईल त्या दिवशी वसूल करावा. तसं असतं तर माझे वडील त्या सभेत विरोधात बोलले नसते, अशी माझी खात्री आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. अहवाल विकत मिळतात. कुर्ल्याच्या नाईकनगरमधली इमारत २०१६ मध्ये सी-१ ठरली होती. पुढे दुसऱ्या अभियंत्याच्या तपासणीवरून ती सी-२ब मध्ये आली आणि लोक राहत राहिले. २७ जून २०२२ च्या रात्री ती कोसळली, १९ जण गेले. उलट बाजूनेही खेळ होतो: भाडेकरूंना बाहेर काढायचं असेल तर चांगल्या इमारतीला धोकादायक ठरवून आणतात. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते, पण तिच्याकडे जायला आधी कुणी तरी वाद घालावा लागतो. या आक्षेपावर माझं उत्तर असं, की नुसता शेरा जोडू नका, मोजमापं जोडा. कुठल्या कॉलमची हॅमर टेस्ट किती आली, कोअरची ताकद किती निघाली, गंजाची शक्यता किती, फोटो कुठल्या तारखेचे. आणि शेवटचाच नाही, आधीचेही सगळे अहवाल जोडा. सी-१ वरून सी-२ब झालेली इमारत दिसली की घेणारा माणूस आपणहून विचारेल, मधल्या काळात दुरुस्ती काय केली?

आणि रिडेव्हलपमेंटचं काय? एजंट हल्ली मोडकळीला आलेली इमारत हीच जमेची बाजू म्हणून सांगतात: पाच वर्षांत नवी होणार, एरिया वाढून मिळणार. काही ठिकाणी होतंही. पण रस्ता अरुंद असेल, जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नसेल, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर चढलेली नसेल, किंवा बिल्डरला गणित जमत नसेल तर ती पाच वर्षं पंधरा होतात. ती पंधरा वर्षं त्याच स्लॅबखाली झोपायचं असतं.

समुद्रकाठी, खाऱ्या हवेत, फ्लॅटमालकांच्या खर्चावरून चाललेल्या वादात इमारत पडण्याचं एक उदाहरण अमेरिकेतलंही आहे. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची बारा मजली इमारत २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर कोसळली आणि ९८ माणसं गेली. ती १९८१ ची होती. २०१८ मध्येच अभियंत्याने काँक्रीट मोठ्या प्रमाणावर बिघडल्याचं लिहून दिलं होतं, आणि पुढची वर्षं दुरुस्तीचे दीड कोटी डॉलर कुणी किती द्यायचे यावर मालकांचे वाद चालले. आपल्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत बसलेल्याला हे ओळखीचं वाटेल. पुढच्याच वर्षी त्या राज्याने कायदा केला. तीन मजले आणि त्यावरच्या अशा इमारतींची तीस वर्षांनी सक्तीची तपासणी ठरली, आणि फ्लॅट विकणाऱ्याने तपासणीचा सारांश घेणाऱ्याला द्यायचा हेही ठरलं. त्यातला पहिला, तपासणीचा भाग आपल्या कायद्यात आधीपासूनच आहे. तो अहवाल घेणाऱ्याच्या हातात देण्याचा दुसरा भाग आपल्याकडे राहिला आहे.

तो जोडायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात फ्लॅटची नोंदणी करताना माहिती आजही भरावी लागतेच: क्षेत्रफळ, मजला, बांधकामाचं वर्ष, लिफ्ट आहे की नाही. तिथेच आणखी तीन रकाने हवेत: शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची तारीख, वर्गवारी, आणि सुचवलेली दुरुस्ती झाली की नाही. बरोबर अहवाल जोडलेला असावा आणि प्रत्येक पानावर घेणाऱ्या-देणाऱ्याची सही असावी. इमारत पंधरा वर्षांवरची असून अहवालच नसेल, तर सोसायटीला तो करून घ्यायला तीन महिने द्यावेत आणि तोवर नोंदणी थांबवावी. तेवढ्या काळात दोघांचा व्यवहार अडकेल हे खरं. अडकलेला विक्रेता मग स्वतः सेक्रेटरींच्या दारात जाऊन बसेल आणि सभेत ऑडिटचा विषय लावायला लावेल.